शुक्रवारी मटण चालत नाही पण मासे चालतात, मग लेंटचा उपास नेमका कसला?

तुम्ही विचारलं आहे की ऑफिसातली कॅथलिक सहकारी राखेच्या बुधवारी (लेंटचा पहिला दिवस, तेव्हा कपाळावर राखेचा क्रूस काढतात) दिवसभरात एकदाच नीट जेवली, पण पुढच्या शुक्रवारी दोन्ही वेळा पोटभर जेवली. फक्त मटण नको म्हणाली आणि मासे मात्र खाल्ले. यात नियम कोणता, आणि तुम्ही एकत्र जेवता तेव्हा तिला काय द्यावं, हे तुम्हाला हवं आहे. मी जन्माने कॅथलिक आहे आणि लहानपणापासून लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा आमचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ, पाळत आले आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

गोंधळ होतो तो एकाच शब्दामुळे. आपण सगळ्यालाच ‘उपास’ म्हणतो, पण चर्चच्या नियमात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक उपास, म्हणजे किती खायचं याचं बंधन. दुसरं वर्ज्य, म्हणजे काय खायचं नाही याचं बंधन. कॅथलिकांना सक्तीचा उपास वर्षातून फक्त दोन दिवस असतो, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकच पूर्ण जेवण घ्यायचं, आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं काही पोटात टाकलं तरी चालतं. याच दोन दिवशी मांसही वर्ज्य असतं. लेंटमधल्या बाकीच्या शुक्रवारी फक्त मांस वर्ज्य, जेवणाच्या प्रमाणावर बंधन नाही. म्हणजे तुमच्या सहकारीने दोन्ही दिवशी नियम अगदी बरोबर पाळला.

शुक्रवारच का, तर येशूला क्रूसावर खिळलं तो वार शुक्रवार होता. खरं तर वर्षातला प्रत्येक शुक्रवार आमच्याकडे प्रायश्चित्ताचा दिवस मानला जातो. पण मांस सोडण्याऐवजी दुसरा एखादा त्याग किंवा दानधर्म चालेल का, हे ठरवण्याची मुभा त्या त्या देशातल्या बिशपांना असते, म्हणून देशोदेशी थोडा फरक दिसतो. आत्ताचे नियम पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली घालून दिले आणि १९८३ च्या धर्मसंहितेत ते कायम झाले. मांसवर्ज्य वयाच्या चौदाव्या वर्षानंतर लागू होतं. उपास अठरा पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत.

आणखी एक हिशेब लोक नेहमी विचारतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर दिवस भरतात शेहेचाळीस. मग चाळीस कुठले? मधले सहा रविवार मोजायचे नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिला, त्याची ही आठवण. ३२५ साली निकाया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख सापडतो. त्याआधी मात्र ईस्टरपूर्वी कुणी एक दिवस, कुणी दोन दिवस, कुणी त्याहून जास्त असा उपास करत असत.

आता मासे. नियमातला ‘मांस’ हा शब्द उष्ण रक्ताच्या प्राण्यांसाठी, पशुपक्ष्यांसाठी आहे. मासे, अंडी, दूध, लोणी त्यात येत नाही. पूर्वी इतकी सूट नव्हती. युरोपात मध्ययुगात अंडी आणि दूधदुभतंही लेंटमध्ये बंद असायचं. तेराव्या शतकात धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी याचं कारण दिलं आहे: जमिनीवरच्या प्राण्यांचं मांस आणि त्यांच्यापासून मिळणारे पदार्थ माणसाच्या जिभेला जास्त सुख देतात, म्हणून त्यांचा त्याग. फ्रान्समध्ये रूआँच्या कॅथिड्रलला एक मनोरा आहे, त्याला लोक ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. लेंटमध्ये लोणी खाण्याची परवानगी मिळावी म्हणून भाविकांनी जे पैसे दिले, त्यातून तो उभा राहिला असं सांगतात. मला ही गोष्ट टोचते. चाळीस दिवस पोट आवरायचं असताना परवानगी विकत घ्यायची, हे मूळ हेतूला सोडून आहे.

पण माशांच्या बाबतीत मीही तेच केलं होतं. कॉलेजात असताना एका शुक्रवारी पाहुणे येणार होते. मी बाजारातून भलामोठा मासा आणला, निम्मा तळला, निम्म्याचं कालवण केलं, वर कोळंबी. मांसाचा तुकडाही नव्हता, सगळं नियमात. आईने आपल्या ताटात भात आणि भाजी तेवढी घेतली. पाहुणे गेल्यावर भांडी घासताना म्हणाली, “नियम काही मोडला नाहीस गं. पण यात शुक्रवार कुठे गेला?” मांस सोडायचं ते साधं जेवायला. माशांची मेजवानी केली की कागदावर नियम पाळला जातो, हाताला काही लागत नाही. तेव्हापासून शुक्रवारी मी मासा आणते तो छोटा, किंवा आणतच नाही.

तुमच्या ओळखीत इतर पंथांचे ख्रिस्ती असतील तर त्यांचा लेंट वेगळा असू शकतो. ऑर्थोडॉक्स लोकांचा फार कडक असतो. सोमवारपासून सुरू होतो, आणि मांस, अंडी, दूध, मासे सगळंच बंद. एरवीच्या वारी तेल आणि वाइनसुद्धा नाही, ती सवलत शनिवार-रविवारी. मासे चालतात ते फक्त २५ मार्चच्या सणाला (येशू जन्माला येणार ही वार्ता मरियेला मिळाली तो दिवस) आणि झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स चर्चचा उपास तर पंचावन्न दिवसांचा असतो. उलट बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळींना खाण्याचा नियम मान्यच नाही. १५२२ साली लेंटमध्ये झुरिकच्या एका छापखान्यात काही जणांनी मुद्दाम सॉसेज खाल्ले. तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली तेव्हा हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण नंतर प्रवचनातून त्यांची बाजू घेतली. अन्नाची सक्ती शास्त्रात नाही, ज्याला करायचा त्याने स्वखुशीने उपास करावा, असं त्याचं म्हणणं. स्वित्झर्लंडमधली धर्मसुधारणा इथूनच पेटली. मी कॅथलिक असूनही त्याचा मुद्दा मला पटतो, पण मला नियम लागतो. दिवस ठरलेला नसला तर मी उद्यावर ढकलते, आणि तो उद्या येतच नाही.

आजारी माणसांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांना उपास लागू नाही. हे मी ठासून सांगते, कारण घरात भोगलं आहे. वडिलांना मधुमेह होता. एका राखेच्या बुधवारी सकाळची गोळी घेतली आणि हट्टाने काही खाल्लं नाही. दुपारी पाहते तर खुर्चीत बसलेत, हात थरथरताहेत, शर्ट घामाने चिंब, आणि कपाळावरचा राखेचा क्रूस घामाबरोबर भुवईपर्यंत ओघळलेला. साखरपाणी पाजल्यावर शुद्धीवर आले. संध्याकाळी फादर घरी आले आणि त्यांना म्हणाले, “तुम्हाला हा उपास नाही. वेळेवर जेवा, आणि रोज एका आजाऱ्याची विचारपूस करून या.” वडिलांनी चाळीस दिवस ते केलं. उपाशी राहण्यापेक्षा ते त्यांना जड गेलं, कारण त्यात दोघे असे होते ज्यांच्याशी ते वर्षानुवर्षं बोलत नव्हते.

प्रार्थना, उपास आणि दान ही तिन्ही लेंटमध्ये एकत्र चालतात. जेवण कमी केलं आणि वाचलेले पैसे खिशातच राहिले, तर ते नुसतं पथ्य झालं. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव स्पष्टच विचारतो की मला हवा तो उपास कोणता? अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. आईकडे पत्र्याचा एक डबा होता, झाकणाला चीर पाडलेली. शुक्रवारी मटणाचे पैसे मोजून त्यात जायचे. किती जमले ते आम्ही मुलं हलवून आवाजावरून ओळखायचो, पण तो उघडायचा ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातच.

आता तुमच्या डब्याविषयी. शुक्रवारी तिला भाजी, अंडं, मासे काहीही द्या. मांसाच्या रश्शातली भाजी नको. गुड फ्रायडेला काहीच आग्रह करू नका. चॉकलेट, चहा किंवा मोबाइलवरचं काही तिने चाळीस दिवसांसाठी सोडलं असेल, तर तो तिचा स्वतःचा संकल्प आहे, चर्चचा नियम नाही. “एवढ्याने काय होतं” म्हणू नका, आणि सगळ्यांसमोर कौतुकही करू नका. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका, असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूनेच सांगितलं आहे.

१९ मार्च किंवा २५ मार्च शुक्रवारी आला, आणि तो गुड फ्रायडे नसला, तर त्या दिवशी ती मांस खाईल, गोंधळू नका. संत योसेफाचा आणि मरियेला मिळालेल्या वार्तेचा असे ते मोठे सण आहेत, तेव्हा वर्ज्य नसतं. २०२१ आणि २०२२ साली असंच झालं होतं. ईस्टरनंतरचा पहिला शुक्रवारही सणाच्याच आठवड्यात येतो, म्हणून त्या दिवशीही बंधन नाही. तुम्हाला तिला मटण खाऊ घालायचंच असेल तर डबा त्या शुक्रवारी न्या.