टोळीयुद्ध नव्हे, गोग्रहण

प्रश्न नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचकाचा आहे: केनियात तुर्काना आणि पोकोत या पशुपालकांमध्ये जे चालतं, त्याला ‘टोळीयुद्ध’ म्हणावं की ‘वांशिक संघर्ष’?

टोळीयुद्ध मुळीच म्हणू नका. बातम्यांत हा शब्द ऐकला की दरवेळी चीड येते. नागपुरात टोळी म्हणजे खंडणी उकळणारे, सुपारी घेणारे. म्हातारेकोतारे, लेकरंबाळं, उंट-शेळ्या घेऊन पाण्यामागे फिरणाऱ्या अख्ख्या समाजाला ते नाव कसं काय? ‘वांशिक’ चुकीचा नाही, पण त्यातून कारण कळत नाही.

ते कारण आहे गुरं, आणि त्याची खूण ‘गोत्र’ या शब्दात आहे. ऋग्वेदात गोत्र म्हणजे गाईंचा कोंडवळा. माझं मत असं, की ज्यांची जनावरं एका कोंडवळ्यात ते एका कुळाचे. आधी कळप, मग कूळ. आपल्याकडे आखरावर ढोरं जमतात तेव्हा गायकी, म्हणजे गुराखी, जनावर पाहून मालकाचं घर सांगतो, तसंच हे. पाणिनी ‘अपत्यं पौत्रप्रभृति गोत्रम्’ (नातवापासून पुढची संतती म्हणजे गोत्र) अशी व्याख्या करतो तोवर त्यातून गाय निघून गेलेली असते. इंद्र ‘गोत्रभिद्’, म्हणजे गोत्र फोडणारा, आहे. गोत्र म्हणजे पर्वत, असं परंपरेचे टीकाकार सांगतात. मला ते साफ अमान्य आहे. कोंडवळा फोडून गाई वळवणारा, हा सरळ अर्थ समोर असताना डोंगर कशाला? लढाईला वेदात ‘गविष्टि’ म्हणतात, म्हणजे गाईंची इच्छा. त्या गाई म्हणजे प्रकाशकिरण, असा अर्थ लावणाऱ्यांनी आपले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे स्मारकदगड, पाहावेत. कित्येकांच्या खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि शेजारी गाई कोरलेल्या आहेत.

तुर्काना-पोकोतांचंही मूळ हेच. दुष्काळात कळप मेला की तो भरून काढायला शेजाऱ्याच्या काटेरी कुंपणावर धाड पडते. लग्नात वरपक्षाने वधूपक्षाला गुरं द्यावी लागतात, म्हणून तरुण पोरं पुढे. पूर्वी भाले होते. 1979 मध्ये शेजारच्या युगांडात हुकूमशहा इदी अमीनची सत्ता कोसळली, तिथल्या मोरोटो गावचं शस्त्रागार लुटलं गेलं आणि त्या भागात बंदुकांचा सुळसुळाट झाला. आता लुटीची गुरं ट्रकात भरून बाजारात जातात. 2012 मध्ये केनियातच बारागोईजवळ, सांबुरू या आणखी एका पशुपालक समाजाची चोरीला गेलेली गुरं सोडवायला निघालेले 40 हून अधिक पोलीस मारले गेले.

परिणाम फक्त मृतांच्या आकड्यात मोजू नका. दोन्ही समाजांच्या मधलं चांगलं कुरण ओस पडतं, कारण तिथे कळप न्यायची छाती कोणाची होत नाही. उरलेल्या रानात गर्दी होते, गवत मुळापासून खरवडलं जातं आणि पुढचा दुष्काळ आणखी जड जातो. मग पुन्हा धाड.

तेव्हा बातमीत ‘गुरांवरून पेटलेला संघर्ष’ लिहा. एकच शब्द हवा असेल तर महाभारताच्या विराटपर्वातला ‘गोग्रहण’, म्हणजे गाई पळवणं, तयार आहे.