वाचकांचे प्रश्न : पॅरिस ते बिल्बाओ

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पॅरिस, बोर्दो, सान सेबास्तियान आणि बिल्बाओ असा दहा रात्रींचा बेत आहे. व्हिसा कुठल्या देशाचा, आणि गाड्या कशा जुळवायच्या? आम्ही दोघंही शाकाहारी. – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : पॅरिस चार, बोर्दो दोन, सान सेबास्तियान तीन, बिल्बाओ एक अशा रात्री ठेवा. पहिली दोन शहरं फ्रान्समध्ये, पुढची दोन स्पेनमध्ये. फ्रान्समध्ये मुक्काम जास्त, म्हणून शेंगेन व्हिसा (दोन्ही देशांत चालणारा एकच व्हिसा) फ्रान्सचाच. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. परतीचं विमान बिल्बाओहूनच घ्या, पॅरिसला उलट जाण्यात अख्खा दिवस वाया जातो.

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून बोर्दो साधारण दोन तास. पुढे फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या आंदाय गावापर्यंत गाडीनं जा. इथेच लोक गोंधळतात: सान सेबास्तियानचं तिकीट फ्रेंच गाडीत शोधत बसतात. आंदायला उतरून स्थानकाबाहेर या, शेजारीच युस्कोट्रेन या स्थानिक रेल्वेचं छोटं स्थानक आहे. ती लोकल पाऊण तासात पोचवते. तिथून बिल्बाओला मात्र बसच बरी. लोकल जवळपास दुप्पट वेळ घेते.

पिंचोस (तिथल्या बारमध्ये मिळणारे छोटे खाद्यपदार्थ) चाखाच, पण विचारून. ऑलिव्ह-मिरचीच्या ‘हिल्दा’त अँचोव्ही मासा असतो आणि बटाट्याच्या तोर्तियात अंडं. तळलेल्या गेर्निका मिरच्या बिनधास्त मागवा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, हेही तारखा ठरवताना पाहा.