दूध नासलं की फाटलं?

लग्न होऊन पुण्याहून जळगावला आलेल्या एका ताईंनी विचारलंय: "मी 'दूध नासलं' म्हणते, सासूबाई 'फाटलं' म्हणतात. फाटतं ते कापड ना? हा शब्द हिंदीतून आलाय का?"

हिंदीत 'दूध फटना' आहेच, अहिराणीतही 'दूध फाटी गयं' म्हणतात. पण तेवढ्यावरून तो शब्द उसना ठरत नाही. हायवेवरचा 'फाटा' आठवा, जिथे एका रस्त्याचे दोन होतात. दुधाचंही तेच: चोथा एकीकडे, पाणी एकीकडे. 'नासलं' म्हटल्यावर नुसतं नुकसान कळतं, 'फाटलं' म्हटल्यावर पातेल्यात काय दिसलं तेही कळतं. माझं मत सासूबाईंना.

'आंबलं' मात्र निराळं. दूध फाटतं गॅसवर, पण त्याची तयारी ओट्यावर ठेवल्यापासून चाललेली असते. जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करत असतात, वासालाही कळणार नाही इतकं हळू. ताज्या दुधाचा सामू (pH; हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.६ च्या आसपास असतो. न तापवता दूध गोठायला तो ४.६ पर्यंत उतरावा लागतो; उकळी फुटताना मात्र ६ च्या जरा खाली गेला तरी पुरतं. म्हणून आंबायला तास लागतात आणि फाटतं ते डोळ्यांदेखत.

उन्हाळ्यात हे जास्त का होतं? व्हांट हॉफ या डच शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये मांडलेला ठोकताळा असा: तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट ते चौपट होतो. १० अंशांनी रेणूंची सरासरी ऊर्जा जेमतेम तीन टक्के वाढते; पण अभिक्रियेचा उंबरठा ओलांडण्याइतकी ताकद असलेले रेणू मुळात थोडे, ते दुप्पट होतात. फ्रिजमधले ४ अंश आणि मे महिन्यात भुसावळचे ४४, म्हणजे चार वेळा दुप्पट: सोळापट! दुधाला हा हिशेब तंतोतंत लागत नाही म्हणा. जिवाणू जिवंत असतात, थंडीत जवळजवळ निजतात आणि उकळीत मरतात.

राहिलं 'विटलं'. ते दुधाला सहसा लावत नाहीत. वरण विटतं, भाजी विटते. आणि ताई, कापड नुसतं फाटत नाही हं, रंग उडाला की विटतंसुद्धा.