मळ्यातल्या घराचं लोकेशन पाठवूनही गाडी कालव्याच्या पलीकडे का जाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पलूसजवळ गावठाणाबाहेर मळ्यात घर आहे. लोकेशन पाठवलं तरी पार्सलवाला, पाहुणे, गॅसचा टेम्पो कालव्याच्या पलीकडच्या बांधावर येऊन थांबतात आणि तिथून फोन करतात. आता नवीन अँड्रॉइड फोन घेतलाय. त्यात सर्चच्या आणि लोकेशनच्या बऱ्याच नव्या सोयी आल्यात म्हणे, त्यातल्या कामाच्या कोणत्या?

आधी कालव्याचं बघू. तुमचा खोळंबा तिथं आहे आणि तो नवीन फोन घेतल्याने सुटत नाही.

नकाशाचं ॲप तुमच्या दारापर्यंत रस्ता शोधत नाही. तुम्ही दिलेल्या बिंदूपासून सरळ रेषेत जो रस्ता सगळ्यांत जवळ असेल, आणि जो त्याला माहीत असेल, तो ते धरतं. गाडी तिथवर नेतं आणि 'पोहोचलात' म्हणून मोकळं होतं. मधे कालवा आहे, ओढा आहे की उसाचं रान, ते मोजत नाही. समजा, कालव्यापलीकडची वाट तुमच्या घरापासून चाळीस मीटरवर आहे. तुमची पाणंद, म्हणजे शेतातली वाट, डांबरीला लागते तो फाटा तीनशे मीटरवर आहे, आणि पाणंद नकाशात काढलेलीच नाही. मग गाडी पलीकडेच जाणार. लोकेशन जितकं अचूक पाठवाल तितकी ती नेमाने पलीकडे जाईल, कारण बिंदू बरोबरच आहे, वाट नाही.

म्हणून दाराचं लोकेशन पाठवूच नका. पाणंदीच्या तोंडाचं पाठवा. गुगल मॅप्स उघडा, लेअरच्या खुणेवर टॅप करून सॅटेलाइट निवडा. नकाशा बोटांनी मोठा करा आणि पाणंद जिथं डांबरीला मिळते त्या जागेवर बोट दाबून धरा. लाल पिन पडेल. सॅटेलाइटचा फोटो जुना असू शकतो. दोन वर्षांपूर्वी बांधलेलं घर त्यात नसेल, तिथं अजून द्राक्षबागच दिसत असेल. अशा वेळी विहीर, शेततळं, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) यांच्यावरून जागा ठरवा. प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं वरून फार छान ओळखू येतं. पिन पडली की ती 'सेव्ह' करून ठेवा, म्हणजे दर वेळी शोधायला नको.

कायमचा इलाज म्हणजे पाणंद नकाशात आणणं. ॲपमधल्या 'कॉन्ट्रिब्यूट' भागातून नकाशा दुरुस्त करण्याची सोय आहे, पण रेघ ओढायला कॉम्प्युटर बरा पडतो, बोटाने ती वाकडी जाते. रस्ता काढताना तो डांबरीला नक्की जोडला गेलाय ना, हे बघा. दोन-चार मीटरची फट राहिली तरी ॲपच्या लेखी तो रस्ता कुठेच जात नाही आणि गाडी पुन्हा कालव्यावर. पाणंद सगळ्यांच्या वापराची असेल तरच टाका. एखाद्याच्या खासगी बांधावरून टेम्पो जायला लागले तर पुढची भांडणं गुगल मिटवायला येणार नाही. आणि स्वतःचं घर 'ठिकाण' म्हणून जोडायला जाऊ नका, खासगी घरं तिथं स्वीकारत नाहीत. वस्तीचं नाव मात्र सुचवता येतं.

आता व्हॉट्सॲप. त्यावरून 'सध्याचं लोकेशन' पाठवताना बहुतेक जण घरात, स्लॅबखाली बसून पाठवतात. स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली उपग्रहाचे सिग्नल नीट मिळत नाहीत. मग फोन मोबाइल टॉवर आणि आसपासच्या वायफायवरून अंदाज बांधतो, आणि मळ्यात वायफाय असतात कितीसे? पाठवण्याआधी 'किती मीटरपर्यंत अचूक' ते बारीक अक्षरात लिहून येतं, तिकडे कुणी बघत नाही. घराचं पाठवायचंच असेल तर अंगणात या, अर्धा मिनिट उभे राहा, आकडा दहाच्या आसपास उतरला की मग पाठवा. आकडा शेकड्यात अडकून बसला असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये, ॲपच्या लोकेशन परवानगीत जाऊन 'अचूक लोकेशन' बंद तर नाही ना, ते बघा. अँड्रॉइड १२ पासून प्रत्येक ॲपला 'अचूक' की 'अंदाजे' हे वेगळं विचारलं जातं. नवीन फोन सुरू करताना घाईत 'अंदाजे' दाबलं जातं आणि पुढे महिनोन्महिने पत्ता लागत नाही. मॅप्स, व्हॉट्सॲप, टॅक्सी यांना अचूक हवं. बॅटरीच्या ॲपला आणि कॅल्क्युलेटरला लोकेशन कशाला लागतं, हे मला अजून कळलेलं नाही. तिथं सरळ नकार द्या.

ज्याच्याकडे व्हॉट्सॲप नाही किंवा जो फोनवर फक्त आवाज ऐकतोय, त्याच्यासाठी प्लस कोड आहे. पिन पडल्यावर खालची पट्टी वर ओढली की चार अक्षरं, अधिकचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा कोड गावाच्या नावासकट दिसतो. तो जमिनीचा साधारण १४ मीटर बाजूचा चौकोन असतो. हे कोड २० चिन्हांतून बनतात. त्यात शून्य, एक आणि इंग्रजी स्वर नाहीत, त्यामुळे ऐकताना शून्य की 'ओ' असा घोळ होत नाही. 'पी', 'सी' आणि 'जी' मात्र फोनवर सारखेच ऐकू येतात, तेव्हा 'पी पुण्याचा' असं सांगा.

गावाचं नाव गाळायचं नाही. छोट्या कोडात सुरुवातीची चार अक्षरं कापलेली असतात. ती भरून काढायला ॲप गावाचं नाव वापरतं, आणि नाव नसेल तर शोधणारा जिथं आहे तिथला भाग धरतं. असे कोड अक्षांश-रेखांशाच्या दर एका अंशाने पुन्हा येतात. पलूसचा कोड गावाच्या नावाशिवाय कुणी पुण्यात बसून टाकला, तर त्याच अक्षरांचा त्याच्या जवळचा चौकोन महाडच्या बाजूला निघतो. माणूस तुमच्याकडे यायला निघून घाट उतरायला लागेल. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना द्यायचा असेल तर 'पलूस, सांगली' जोडूनच द्या.

डाक विभागाचा डिजिपिन नावाचा डिजिटल पत्ताही आलाय, २०२५ च्या मे महिन्यात. दहा चिन्हांचा, सुमारे चार मीटर बाजूचा चौकोन. म्हणजे घर आणि गोठा यांचे डिजिपिन वेगळे येतील. सांगली आणि सातारा ही दोन्ही शहरं त्यात '४-जे' नेच सुरू होतात. डाक विभागाच्या संकेतस्थळावर आपला काढून वहीत लिहून ठेवा, पण त्याने पिनकोड रद्द झालेला नाही. ड्रायव्हरला तूर्त प्लस कोडच द्या, तो मॅप्सच्या शोधपट्टीत थेट चालतो.

एवढं झालं की एक मेसेज तयार करून ठेवा आणि सगळ्यांना तोच पाठवा. त्यात पाणंदीच्या तोंडाच्या पिनची लिंक, प्लस कोड गावासकट, आणि त्याखाली एक ओळ: 'डांबरी सोडून डावीकडं पाणंदीत वळा, कालवा ओलांडायचा नाही, दुसरी डीपी, निळं गेट.' ही शेवटची ओळ कोणतंही ॲप लिहून देत नाही. मॅप्समध्ये हल्ली पिनजवळच्या खुणा, म्हणजे देऊळ, शाळा, दुकान, आपोआप दिसतात आणि शहरात त्याचा उपयोग होतो. मळ्यात जवळची खूण दीड किलोमीटरवरची दूध डेअरी निघते.

लाइव्ह लोकेशन हे पाहुणा वाटेत आहे तोवरच. व्हॉट्सॲपवर १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीन पर्याय आहेत. डिलिव्हरीवाल्याला १५ मिनिटांच्या पुढे देऊ नका. आणि बघा, पाहुण्याने त्याचं लाइव्ह लोकेशन तुम्हाला पाठवणं जास्त उपयोगी. तो फाटा चुकला की तुम्हाला आधी कळतं.

कारने येणाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगा: ॲपमध्ये वरचं चिन्ह कारचंच आहे ना, बघ. भारतात २०१७ पासून मॅप्समध्ये दुचाकीचा वेगळा मार्ग मिळतो आणि तो कार न जाणाऱ्या वाटांनीही नेतो. ज्याचं रोजचं फिरणं मोटरसायकलवर, त्याच्या फोनमध्ये तेच चिन्ह निवडलेलं राहतं. मग बायकोपोरांना कारमध्ये घेऊन तो उसातल्या बैलगाडीच्या वाटेला लागतो, आणि तिथं कार वळवायलाही जागा नसते.

पावसाळ्यात तर नकाशावर अर्धाच विश्वास ठेवावा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून गाड्या जात असतील तर ॲपला तो साधा रस्ता वाटतो. पाणी वर आलंय हे त्याला आपणहून कळत नाही. कुणीतरी रस्ता बंद म्हणून कळवावं लागतं, किंवा गाड्या जायच्या थांबल्यात हे इतर फोनवरून दिसावं लागतं. रात्री दोनला बंधाऱ्यावर कुणीच नसतं, तेव्हा हे कळण्याच्या दोन्ही वाटा बंद. कृष्णेची पातळी वाढत असताना सांगलीच्या आयर्विन पुलाजवळचा पाण्याचा आकडा आधी विचारा, मग निघा.

ऑफलाइन नकाशा लगेच उतरवून घ्या. मॅप्समध्ये वरच्या तुमच्या फोटोवर टॅप करून 'ऑफलाइन मॅप्स', मग स्वतःचा भाग निवडा. चौकोन सांगलीपासून साताऱ्यापर्यंत ताणला तरी चालतो, किती जागा लागणार ते खाली दिसतं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागतं. त्यामुळे कास ओलांडून बामणोलीकडे उतरताना किंवा चांदोलीच्या बाजूला रेंज गेली तरी निळा ठिपका चालू राहतो, त्याच्या खालची जमीन मात्र कोरी होते. ऑफलाइनमध्ये गाडीचा मार्ग मिळतो. चालण्याचा मिळत नाही, ट्रॅफिकही दिसत नाही. उतरवलेला नकाशा वर्षभरात मुदत संपून जातो, वायफायवर अधूनमधून फोन जोडला तर आपोआप ताजा होतो. तुमच्याकडे वायफाय नसेल तर त्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाला परवानगी द्या, नाहीतर नेमका घाटात तो संपलेला सापडेल.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरसारख्या ठिकाणी ठिपका जागीच थिजतो किंवा वरच्या चौकात उड्या मारतो. आभाळ झाकलं गेलं की असं होतं, फोन बिघडलेला नाही. आत शिरण्याआधीच बाहेर कुठं पडायचं ते पाठ करा.

सर्चच्या सोयींत मला खरी उपयोगी वाटते ती 'सर्कल टू सर्च'. जानेवारी २०२४ मध्ये ती सॅमसंगच्या एस २४ आणि पिक्सेल ८ वर आली, मग इतर फोनवरही पसरली. स्क्रीनच्या तळाची पट्टी, किंवा जुन्या धाटणीची तीन बटणं असतील तर होमचं बटण, दाबून धरा आणि जे शोधायचं त्याभोवती बोटाने गोल काढा. काहीच झालं नाही तर सेटिंग्जमध्ये डिजिटल असिस्टंट म्हणून गुगल निवडलंय का ते बघा. मिरजेहून कागवाड-अथणीकडे गेलात की पाट्या कानडीत होतात. तिथं गुगल लेन्सचा कॅमेरा पाटीवर धरून 'भाषांतर' दाबलं की मराठी दिसते. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा इंग्रजी मजकूरही तसाच वाचता येतो. प्रमाण मात्र डब्यावरच्या आकड्यावरूनच घ्या. शोधाच्या वर हल्ली एआयचा तयार सारांश येतो, त्यातलं प्रमाण बघून पंप भरू नका.

गावांची नावं शोधताना तालुका जोडा. कडेगाव तालुक्यातलं वांगी नुसतं 'वांगी' म्हणून बोललात तर भरल्या वांग्याच्या पाककृती येतील. मराठीत बोलून शोधता येतं, त्याला हिंदी-इंग्रजीची गरज नाही. आणि कुठल्याही कंपनीचा कस्टमर केअर नंबर सर्चमधून किंवा नकाशावरून उचलून फोन लावू नका. तिथं भामटे आपले नंबर घालून ठेवतात. बिलावरचा किंवा ॲपच्या आतला नंबर घ्या. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा.

मॅप्सची टाइमलाइन वापरत असाल, म्हणजे कुठं कुठं गेलो त्याची नोंद, तर ती आता गुगलकडे नाही, फोनमध्येच राहते. जुना फोन विकण्याआधी तिचा बॅकअप चालू करा, नाहीतर जुन्या नोंदी फोनबरोबर जातील.

राहिला हरवलेला फोन. 'फाइंड माय डिव्हाइस'चं नाव २०२५ मध्ये 'फाइंड हब' झालं. फोनचं नेट बंद असलं तरी जवळून जाणारे इतर अँड्रॉइड फोन त्याची जागा कळवतात. पण यात मुळात जी सेटिंग येते ती 'फक्त गर्दीच्या ठिकाणी' अशी असते. बरेच फोन एकत्र असल्याशिवाय जागा सांगायची नाही, असा तिचा हिशेब. सांगलीच्या हरभट रोडवर ते ठीक. तुमच्या बांधावर दिवसभरात चार फोन जातात. सेटिंग्ज, गुगल, फाइंड हब, मग 'ऑफलाइन डिव्हाइस शोधा' इथं जाऊन 'सर्व ठिकाणी' हा पर्याय निवडा. घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हेच करा, कारण उसात पडलेला तुमचा फोन शोधून देणारा फोन बहुधा घरातलाच असेल.