चिमूरची गोष्ट कुठं थांबवायची?

बेटा,

आठवीच्या पोरांसाठी तू लिहिलेला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरच्या बेचाळीसच्या उठावाचा पाठ वाचला. भाषा झकास आहे, वर्ग जागचा हलणार नाही. खोटं त्यात एकही वाक्य नाही. तरी मला तो अर्धा वाटला.

'चले जाव'चे दिवस, नागपंचमीची सकाळ, १६ ऑगस्ट १९४२. प्रभातफेरी, गोळीबार, बालाजी रायपूरकर पडले, लोक खवळले, अधिकारी मारले गेले. तिथंच तू थांबतेस. म्हणून ती शूरांची गोष्ट होते. चार दिवस पुढं जा. फौज गावात शिरली, घरं लुटली, बायांवर अत्याचार केले. त्याची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींच्या आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला आणि सरकारनं त्याची बातमी छापायलाच बंदी घातली. शेवट १६ ऑगस्टलाच केला, की या बाया गोष्टीत येतच नाहीत. पोरांना कितपत सांगायचं ते तू ठरव. पण वगळायचं असेल तर ते समजून-उमजून वगळ.

सुरुवातीचंही तेच. तुकडोजी महाराजांची खंजिरी त्याआधीच गावोगाव वाजत होती. तिथून निघालीस तर लोक तयारीचे दिसतात. कोर्टासारखी खुनापासून निघालीस तर नुसता जमाव दिसतो.

आणखी एक. 'इंग्रजांचे अधिकारी' लिहून तू मोकळी झालीस. मारले गेले ते डुंगाजी, सोनवणे, आपल्याच देशातले लोक. हे वाचून पोरं गडबडतील. गडबडू दे. गोष्ट सपाट करण्याची हौस आपल्याला फार, त्यात व्याख्याते तर विचारूच नको.

गोष्ट टाकून सनावळी लिही, असं मी म्हणत नाही. सनावळीतून कुणाला काही कळल्याचं मी पाहिलं नाही. आणि 'आजोबांना विचारून या' एवढ्यानंही भागत नाही. दरवर्षी १६ ऑगस्टला भाषणं होतात. ऐकून ऐकून घरातल्या आठवणीही भाषणासारख्याच होऊन बसतात. म्हणून पोरांना विचारायला लाव : हे तुम्ही पाहिलं, की कुणाकडून ऐकलं? दुसऱ्या दिवशी घरात काय झालं? चूल पेटली का?

पुढच्या खर्ड्यात भन्साळींना दोन ओळींवर भागवू नको, पानभर दे. खर्डा दिवाळीच्या आत पाठव, नंतर कापूस वेचायच्या दिवसांत मला सवड नाही.

तुझे,
काका