सर्व्हर चालू, पण मित्र बाहेरच

घरी गेम सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं खेळाचं जग सांभाळणारा संगणक, बसवण्याबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेक पत्रं व्हॅलहाइमची आहेत. हा स्वीडनच्या आयर्न गेटचा गेम फेब्रुवारी २०२१ पासून मिळतो आणि त्यात एका जगात दहा जणांपर्यंत खेळता येतं.

प्रश्न : घरी चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप पडून आहे. ग्राफिक्स कार्ड नाही. आम्ही सहा जण खेळतो, पण जग माझ्या लॅपटॉपवर असल्यामुळे मी नसलो की सगळ्यांचं ठप्प. या डेस्कटॉपचा सर्व्हर होईल का? – एक वाचक, नांदेड

होईल. सर्व्हरला पडद्यावर काही रंगवायचं नसतं, म्हणून ग्राफिक्स कार्ड लागत नाही. सहा जणांना आठ जीबी रॅम पुरून उरते. सर्व्हरचं मुख्य काम एकाच कोअरवर चालतं, तेव्हा कोअर किती यापेक्षा एकेका कोअरचा वेग किती हे बघायचं. खर्च करायचाच असेल तर छोटी एसएसडी घ्या. जग सेव्ह होताना सगळे क्षणभर अडखळतात. जग मोठं झालं आणि जुनी हार्ड डिस्क असली की हे फार जाणवतं.

विंडोज असेल तर स्टीमच्या (गेम विकत घेण्याच्या आणि चालवण्याच्या अ‍ॅपच्या) लायब्ररीत वर 'टूल्स' निवडा, तिथे व्हॅलहाइमचा डेडिकेटेड सर्व्हर सापडेल. लिनक्सवर स्टीम-सीएमडी, म्हणजे आज्ञा लिहून चालवायचं स्टीम, लागतं, आणि त्याला ३२ बिटच्या लायब्ररी आधी टाकाव्या लागतात. त्या नसल्या की ते सुरूच होत नाही. सर्व्हर कुठल्या फोल्डरमध्ये उतरवायचा ते लॉगिनच्या आधी सांगायचं, मग 'अ‍ॅनॉनिमस' नावाने लॉगिन करायचं आणि ८९६६६० हा क्रमांक उतरवून घ्यायचा. सर्व्हरसाठी गेम विकत घ्यावा लागत नाही. सुरू करण्याच्या फाइलमध्ये मात्र ८९२९७० असा वेगळा क्रमांक दिसेल. तो मूळ गेमचा आहे, चूक समजून बदलू नका.

त्याच फाइलमध्ये चार गोष्टी भरायच्या: सर्व्हरचं नाव, पोर्ट (आत यायच्या दाराचा क्रमांक) २४५६, जगाचं नाव आणि पासवर्ड. पासवर्ड किमान पाच अक्षरांचा हवा आणि तो सर्व्हरच्या नावात आलेला नको. 'गोदावरी१२३' नावाच्या सर्व्हरला 'गोदावरी' हा पासवर्ड दिला तर खिडकी उघडून लगेच बंद होते, आणि माणूस अँटिव्हायरसला दोष देत बसतो. भरलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा आणि तीच चालवा. मूळ फाइल पुढच्या अपडेटला पुसली जाते.

अपडेटचं आणखी एक. खेळणाऱ्यांचा गेम स्टीम आपोआप नवा करतं, लिनक्सवरचा तुमचा सर्व्हर आपोआप नवा होत नाही. काल चालत होतं आणि आज सगळ्यांनाच आवृत्ती जुळत नाही असं दिसतंय, तर सर्व्हर थांबवून तोच क्रमांक पुन्हा उतरवा.

बिलाचाही अंदाज घेऊन ठेवा. संगणक ६० वॅट ओढत असेल आणि दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याला ४३ युनिट होतात. घरचं बिल शंभर युनिटच्या आसपास असेल तर त्यामुळे तुम्ही वरच्या दराच्या टप्प्यात जाल. रोज रात्री चार तासच खेळत असाल तर तेवढाच वेळ चालू ठेवा.

प्रश्न : सर्व्हर नीट चालतो, त्याच वायफायवर मला आत जाता येतं. पण पुण्याचा आणि संभाजीनगरचा मित्र दोघंही अडकतात. राउटरवर पोर्ट उघडलं, फायरवॉलही बंद करून बघितली. – एक वाचक, लातूर

फायरवॉल आधी चालू करा. ती बंद ठेवून इथे काही साधत नाही. सर्व्हरच्या प्रोग्रॅमला परवानगी दिली की पुरतं.

आता मूळ दुखणं. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधून तिथे येणारा पत्ता बघा. दोन्ही एकच असतील तर पत्ता तुमचा स्वतःचा आहे. वेगळे असतील आणि वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर तुमच्या कंपनीने अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. त्याला सीजीनॅट म्हणतात. अख्ख्या गल्लीला एकच घर नंबर असल्यावर पोस्टमनने पत्र कुणाच्या दारात टाकायचं? तुम्ही राउटरवर उघडलेलं पोर्ट म्हणजे तुमच्या घराचं दार; गल्लीच्या तोंडाचं फाटक कंपनीच्या हातात आहे. पोर्ट कितीही उघडा, फरक पडणार नाही.

वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर अडचण बहुधा घरातलीच आहे. कंपनीच्या फायबरच्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा राउटर लावलाय आणि दोघंही पत्ते वाटतायत. कंपनीला डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे पत्ते फक्त तुमचा राउटर वाटेल.

सीजीनॅटवर सगळ्यात सोपा उपाय गेममध्येच आहे. सुरू करण्याच्या ओळीत 'क्रॉसप्ले' जोडा. मग जोडणी मधल्या सेवेमार्फत होते, पोर्ट उघडावं लागत नाही आणि सर्व्हरच्या खिडकीत सहा आकडी कोड दिसतो तो मित्रांना द्यायचा. सर्व्हर पुन्हा सुरू केला की कोड बदलतो, आणि वाट थोडी लांबची असल्यामुळे पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, वाढू शकतो. दुसरा उपाय टेलस्केलसारखं खासगी जाळं. सर्व्हरवर आणि प्रत्येक मित्राच्या संगणकावर ते टाकलं की सगळे एकाच घरात असल्यासारखे जोडले जातात. गंमत म्हणजे टेलस्केलचे पत्तेही १०० नेच सुरू होतात. ते बघून सीजीनॅट आलं म्हणून घाबरू नका. तिसरा उपाय कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घेणं. त्याचे महिन्याला पैसे पडतात, पण एकदा मिळाला की कटकट संपते.

पत्ता स्वतःचा असेल तर राउटरमध्ये सर्व्हरच्या संगणकाला कायमचा आतला पत्ता बांधून द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, आणि त्याच्याकडे २४५६ व २४५७ ही पोर्ट वळवा. प्रकार यूडीपी निवडा; टीसीपी निवडलं तर काहीच होणार नाही. गेममध्ये पत्त्यापुढे २४५६ लिहायचं, स्टीमच्या सर्व्हर यादीत जोडताना मात्र २४५७.

तपासताना स्वतःच्या वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकून बघू नका. बरेच राउटर घरातल्याला बाहेरून फिरवून परत आत घेत नाहीत, त्यामुळे सगळं बरोबर असूनही चूक झाल्यासारखं वाटतं. मित्राला फोन लावा, किंवा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या.

प्रश्न : आमच्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही. परवा गेली आणि आली, तर तीन आठवड्यांचं जग उघडेचना. घरी इन्व्हर्टर आहे, तरी संगणक बंद पडतोच. – एक वाचक, अंबाजोगाई

जग बहुधा अजून आहे. सर्व्हर बंद ठेवा आणि आधी जगाचा सगळा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, मगच हात लावा. विंडोजवर तो अ‍ॅपडेटा, लोकललो, आयर्नगेट, व्हॅलहाइम या वाटेने 'वर्ल्ड्स लोकल'मध्ये सापडतो. प्रत्येक जगाच्या दोन फाइली असतात. 'डीबी' शेपटीची मोठी फाइल म्हणजे तुम्ही बांधलेलं, खणलेलं सगळं. 'एफडब्ल्यूएल'ची लहान, तिच्यात जगाचं नाव आणि बीज, म्हणजे ज्यावरून जग घडतं तो शब्द. शेजारी 'ओल्ड' शेपटीच्या आधीच्या प्रती असतात, आणि नावात 'बॅकअप ऑटो' व तारीख असलेल्याही. डीबी फाइल शून्य केबीची किंवा एकदम लहान दिसत असेल तर सेव्ह होतानाच लाईट गेली. ती बाजूला काढा आणि धडधाकट प्रतीचं नाव बदलून तिच्या जागी ठेवा. फार तर काही तासांची मेहनत जाईल.

सर्व्हर दर १८०० सेकंदांनी, म्हणजे अर्ध्या तासाने सेव्ह करतो. सुरू करण्याच्या ओळीत 'सेव्ह इंटरव्हल' ६०० करा. आपोआप होणाऱ्या प्रती चार असतात. पहिली दोन तासांनी, पुढच्या बारा-बारा तासांनी. त्या वाढवता येतात, पण त्या सगळ्या एकाच डिस्कवर असतात हे विसरू नका. रोज एक प्रत पेनड्राइव्हवर जायला हवी.

सर्व्हर बंद करताना खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबू नका. कंट्रोल आणि सी दाबा, जग सेव्ह झाल्याची ओळ येऊ द्या, मग बंद करा. लिनक्सवर सिस्टमडीमार्फत (प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेमार्फत) चालवत असाल तर थांबवण्याचा संकेत 'सिगइंट' ठेवा आणि थांबायला दोन मिनिटं द्या.

आता इन्व्हर्टर. मागे किंवा समोर 'नॉर्मल' आणि 'यूपीएस' असं बटण असतं. नॉर्मलवर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात पंखा फिरत राहतो, संगणक मात्र बसतो. यूपीएसवर टाका. पण त्यात एक मेख आहे. यूपीएसवर इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची लाईट घेतच नाही. शेताकडची थ्री फेज आली, सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि व्होल्टेज पडलं की बल्ब लुकलुकत असतानाही इन्व्हर्टर बॅटरी खात बसतो, आणि खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी रिकामी. तुमच्या डीपीवर असं होत असेल तर इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवा आणि फक्त संगणकासाठी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या. यूएसबी जोडणीचा मिळाला तर उत्तम, कारण तो संगणकाला वेळेत नीट बंद व्हायला सांगू शकतो.

१५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. हाती १२०० आले तरी चांगलं. संगणक, राउटर आणि फायबरचा डबा मिळून ८० वॅट, दोन पंखे १५०. पाच तास निघतात. राउटर आणि डबा इन्व्हर्टरच्याच लाइनवर आहेत ना, ते बघा. कोपऱ्यावरच्या खांबावर केबलवाल्याची पेटी आहे आणि तिला बॅटरी नाही, तर मात्र तुमची सगळी तयारी घरातच राहते. ते त्याच्याशीच बोलून घ्यायचं.

यापेक्षा स्वस्त वाट हवी असेल तर पडदा फुटलेला जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरा. बॅटरी त्याच्या पोटातच असते. फक्त चार्जिंग ६० ते ८० टक्क्यांवर थांबवणारी सोय चालू करा, आणि एप्रिल-मे महिन्यात तो पत्र्याच्या खोलीत, कपाटात कोंडून ठेवू नका. बॅटरी फुगते.

प्रश्न : एक मित्र शेतातून मोबाइल हॉटस्पॉटवर येतो. तो आला की राक्षस जागीच थबकतात, मारलेला घाव लागत नाही. प्रोसेसर बदलू का? – एक वाचक, जालना

बदलू नका, पैसे वाया जातील. व्हॅलहाइममध्ये एखाद्या भागातल्या प्राण्यांचा, राक्षसांचा हिशोब सर्व्हर करत नाही. त्या भागात आधी पोचलेल्या खेळाडूचा संगणक करतो, आणि सर्व्हर फक्त इकडचा निरोप तिकडे देतो. हॉटस्पॉटवाला मित्र आधी पोचला की त्या भागाचा कारभार त्याच्या हाती जातो, आणि बाकीच्यांचा प्रत्येक घाव त्याच्या टॉवरपर्यंत जाऊन परत येतो. म्हणून मोठ्या लढाईला चांगलं नेट असलेल्याने पुढे जायचं, हॉटस्पॉटवाल्याने मागून यायचं. कारभार आधीच त्याच्याकडे गेला असेल तर त्याला लांब पाठवा किंवा एकदा बाहेर पडून परत यायला सांगा. एफ-दोन दाबलं की कोण कसा जोडला गेलाय ते दिसतं.

सगळ्यांचाच गेम फक्त गावात, म्हणजे तुम्ही बांधलेल्या वस्तीत जड होत असेल तर कारण वेगळं. तिथे खांब, भिंती, मशाली फार झाल्या आहेत. ते ओझं प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर येतं, सर्व्हरवर नाही.

प्रश्न : लॅपटॉपवरचं जग सर्व्हरवर नेलं, पण आत गेलो तर सगळं कोरं. – एक वाचक, परभणी

सुरू करण्याच्या ओळीतलं जगाचं नाव आणि फाइलचं नाव तंतोतंत सारखं नाही. नाव जुळलं नाही तर सर्व्हर तक्रार करत नाही, गुपचूप नवं जग तयार करतो. लिनक्सवर लहान-मोठं अक्षरही वेगळं धरलं जातं. दोन्ही फाइली नेल्या का तेही बघा. आणि जग स्टीमच्या क्लाउडवर असेल तर गेममधल्या 'मॅनेज सेव्ह्ज'मधून ते आधी संगणकावर आणावं लागतं.

प्रश्न : घरची लाईट आणि नेट दोन्ही भरवशाचं नाही. मुंबईतलं मशिन भाड्याने घेतलं तर पिंग फार वाढेल का? फुकट मिळणारी मशिनही आहेत म्हणे. – एक वाचक, धाराशिव

अंतराने फारसा फरक पडत नाही. फायबरमधून प्रकाशाला एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात. चारशे किलोमीटर जाऊन-येऊन चार मिलिसेकंद. बाकीचा पिंग तुमच्या कंपनीच्या वळणावळणाच्या वाटेचा असतो. दोन कोअर आणि चार जीबी रॅमपासून सुरुवात करा, आणि तासाच्या हिशोबाने पैसे घेणारं मशिन असेल तर खेळून झाल्यावर बंद करा.

फुकट मशिन घेताना प्रोसेसर बघा. तो आर्म जातीचा असेल तर व्हॅलहाइमचा सर्व्हर त्यावर सरळ चालत नाही, कारण तो एक्स-८६ साठी, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरसाठी, बनवलेला आहे. माइनक्राफ्टचा जावा सर्व्हर मात्र आर्मवर मजेत चालतो. भाड्याच्या मशिनला फायरवॉल बहुधा दोन असतात, एक मशिनच्या आत आणि एक कंपनीच्या पानावर. पोर्ट दोन्हीकडे उघडा.

प्रश्न : आम्ही सगळे मोबाइलवर माइनक्राफ्ट खेळतो. संगणकावर माइनक्राफ्टचा सर्व्हर लावला, पण फोन जोडला जात नाही. – एक वाचक, हिंगोली

तुम्ही जावा आवृत्तीचा सर्व्हर लावलाय, फोनवर बेडरॉक आवृत्ती असते. दोघांची भाषा वेगळी. सगळेच फोनवर असाल तर बेडरॉकचा सर्व्हर उतरवा. तो विंडोज आणि उबुंटूसाठी फुकट मिळतो. त्याचं पोर्ट १९१३२, यूडीपी. जावाचं २५५६५ असतं, टीसीपी. काही जण संगणकावर आणि काही फोनवर असतील तर जावाचा पेपर नावाचा सर्व्हर ठेवून त्यात बेडरॉकची भाषा जावाला समजावणारं गायझर हे प्लगइन टाका, आणि फोनवाल्यांकडे जावाचं खातं नसेल तर सोबत फ्लडगेट. पोर्ट उघडण्याआधी परवानगीची यादी चालू करून मित्रांची नावं त्यात घाला. उघडी पोर्ट हुडकत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत चालू असतात आणि ते हिंगोलीतला सर्व्हरही शोधून काढतात.