आधी तारखा जुळव

बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाच महिने आईच्या कमरेला पट्टा, जोडीला वेदनाशामक गोळ्या, आणि शेवटी निघाला मणक्याचा टीबी. राग येणारच. पण ‘डॉक्टरचं निदान चुकलं, आता सोडायचं नाही’ असं लिहिलंस ना, एवढ्यावर केस उभी राहत नाही.

चुकलेलं प्रत्येक निदान म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. पहिल्या दिवशी कंबरदुखी ही कुणालाही कंबरदुखीच वाटेल. प्रश्न पुढच्या खेपांचा आहे. संध्याकाळी अंग कोमट लागतं, वजन उतरतंय, हे आईनं कितव्या खेपेला सांगितलं? केसपेपरवर ते लिहिलंय का? गोळ्यांनी फरक पडत नसताना साधा एक्स-रेसुद्धा का काढला नाही? ग्राहक आयोगापुढे सगळी झटापट होते ती या तिसऱ्या-चौथ्या खेपेवरून.

म्हणून आधी कागद. रुग्णालयाला लेखी अर्ज दे, पोच घे. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या, असा भारतीय वैद्यक परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. ओपीडीच्या चिठ्ठ्या मात्र बहुधा घरीच सापडतील, पिशवीत, गादीखाली. मेडिकलची बिलंही टाकू नकोस. माझ्या एका पक्षकाराचा केसपेपर ‘सापडत नाही’ म्हणून सांगितलं गेलं, तेव्हा त्या बिलांवरच्या तारखांनी आम्हाला तारलं.

हैदराबादचं एक प्रकरण तुझ्या कामाचं आहे. तापानं आजारी बाईंवर टायफॉइडचे उपचार झाले, होता मलेरिया, त्या वारल्या. जिल्हा ग्राहक मंचानं २ लाख भरपाई दिली, वरच्या आयोगांत ती रद्द झाली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परत मिळवून दिली. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतंच असं नाही, हेही तेव्हाच स्पष्ट झालं. तरी तू एखाद्या जाणत्या अस्थिरोगतज्ज्ञाला कागद दाखव. त्यानं ‘मीही हेच केलं असतं’ म्हटलं, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

ग्राहक आयोगात यायला मुदत २ वर्षांची. रुग्णालय सगळ्यांनाच फुकट उपचार देणारं असेल तर हा रस्ता बंद, तेवढं तपास. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, पैसे देववत नाही. फौजदारीचं तूर्त मनातून काढ; तिथे ढोबळ, अक्षम्य हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. आणि डॉक्टरचं नाव व्हॉट्सअॅपवर फिरवलं असशील तर आजच काढून टाक, नाहीतर उद्या बदनामीची नोटीस तुलाच यायची.

आईजवळ बसून तारखांचं एक पान लिहून काढ: कधी गेलो, काय सांगितलं, काय दिलं. आठवत नसेल तिथे जागा कोरी ठेव, अंदाजानं भरू नकोस. ते पान घेऊन रविवारी ये. आणि तिच्या टीबीच्या गोळ्या एकही दिवस चुकू देऊ नकोस.

तुझा,
काका